४७ डिग्रीत पोहणार कोण?

गच्चीवर टाकी, टाकीत मासे आणि माशांच्या पाण्यावर पालक-मेथी, ॲक्वापोनिक्स म्हणजे एवढंच. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीतल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट रोपं पिऊन टाकतात आणि निवळलेलं पाणी परत माशाकडे जातं. माती नको, युरिया नको. यूट्यूबवर हे इतकं सोपं दिसतं की रविवारी दुपारी व्हिडिओ बघणारा माणूस संध्याकाळी पीव्हीसी पाइप घेऊनच घरी येतो. गाडी अडते ती पुढे. मासा कुठला घ्यायचा, आणि आणायचा कुठून? व्हिडिओवाला असतो फ्लोरिडात किंवा केरळात, आणि आपली टाकी असते नागपुरात, मानेवाड्याच्या गच्चीवर. तिथला मासा इथे चालेलच असं नाही. त्यामुळे आधी थोडी गंमत, थोडं गणित आणि थोडी नागपुरी खबरबात.

पहिली मुलाखत हवामान खात्याची

नागपूरच्या पाऱ्यानं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश गाठले आणि २०१८च्या डिसेंबरअखेर तोच ३.५ अंशांवर उतरला. म्हणजे एकाच शहरात ४४ अंशांची उडी. ३० मे २०२४ रोजी तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. नागपूरकरांना मात्र तो आकडा खराच वाटला होता.

माशाला या उन्हाचा त्रास दोन बाजूंनी होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. आणि नेमक्या त्याच वेळी थंड रक्ताच्या माशाची भूक वाढते, श्वास वाढतो, मागणी वाढते. वर आणखी एक भानगड अशी की अमोनियाचा विषारी भाग ऊन आणि सामू, म्हणजे पीएच, दोन्हींबरोबर चढतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का जेमतेम विषारी असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर, ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. दुपारी मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हापसायला लागले तर ते खेळत नाहीयेत, हे लक्षात घ्या.

यावरचा उपाय नागपूरच्या घराघरांत खिडकीला लटकलेला आहे. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानं पाणी भरपूर थंड होतं, कूलर चालतो तो याच जोरावर. टाकीवर हिरवी नेट, टाकीला पांढरा रंग आणि परतीचं पाणी उंचावरून पडेल अशी धार ठेवली की हवा आणि थंडावा दोन्ही फुकट मिळतात. काळी प्लास्टिक टाकी उघड्या गच्चीवर ठेवणारा माणूस मासे पाळत नसतो, शिजवत असतो.

जगाचा हिरो, विदर्भाचा पाहुणा

ॲक्वापोनिक्सच्या कुठल्याही पुस्तकात पहिलं नाव तिलापियाचं. कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८०च्या दशकापासून जी पद्धत बसवली, तिचा मासा तिलापियाच. उजनीकाठी त्याला ‘चिलापी’ म्हणतात आणि सोलापूर-पुण्याकडे तो चुलीवर खपतो. ‘गिफ्ट’ ही त्याची सुधारित जात १९८८ पासून फिलिपिन्समध्ये पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवली. जनुकीय फेरफार तिच्यात नाही. गरिबांच्या तळ्यांपर्यंत मत्स्यशेती आणि पुढे ही जात नेण्याच्या कामासाठी आंध्रचे डॉ. मोदडुगू विजय गुप्ता यांना २००५चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. ब्राझीलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर तिलापियाची निर्जंतुक केलेली कातडी पट्टीसारखी लावतात, हे ऐकून तर माणूस टाकी भरायलाच निघतो.

थांबा. तिलापिया आफ्रिकेचा, त्याला २५ ते ३२ अंश आवडतात. पाणी सोळाच्या खाली गेलं की तो खाणं सोडतो, दहा-बाराच्या आसपास मरायला लागतो. नागपूरच्या डिसेंबरात गच्चीवरच्या लहान टाकीचं पाणी पहाटे पंधराच्या खाली सहज जातं. दुसरं म्हणजे तो तीन-चार महिन्यांतच वयात येतो. मादी अंडी तोंडात धरून बसते, तेवढे दिवस उपाशी राहते आणि पिल्लं बाहेर सोडल्यावरही धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. आईपणाचा कळस, पण टाकीमालकाची डोकेदुखी. वीस माशांचे दोनशे होतात आणि एकही ताटात येण्याएवढा वाढत नाही. म्हणून व्यापारी शेतीत सगळे नरच ठेवतात.

तिसरं, कायदा. १९५२ साली मोझांबिक तिलापिया आपल्याकडे आणला आणि तो सुटला. १९५९मध्ये त्याच्यावर बंदी घालायची वेळ आली, तोवर उशीर झाला होता. आता केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिलापिया पाळायला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. माझं मत विचाराल तर नागपुरात पहिल्या वर्षी तिलापियाच्या नादी लागूच नये.

मग घ्यावं कोणाला?

सायप्रिनसला. हो, तोच. पुस्तकात ‘कॉमन कार्प’, मत्स्यबीज विकणाऱ्यांच्या आणि भोई-ढिवरांच्या तोंडी ‘सायप्रिनस’. शास्त्रज्ञांचं लॅटिन नाव बाजारात इतक्या सहजपणे रुळलेला दुसरा मासा मला तरी माहीत नाही. पाणी चार-पाच अंशांवर येवो की पस्तिशीला टेको, तो तग धरतो. थंडीत खाणं कमी करतो, उन्हाळ्यात सुस्तावतो, पण राहतो. प्राणवायू कमी पडला तरी इतरांपेक्षा उशिरा कुरकुरतो. निलगिरीच्या थंड पाण्यासाठी १९३९मध्ये त्याचा जर्मन वाण श्रीलंकेमार्गे आला आणि १९५७मध्ये बँकॉकचा वाण कटकला आला. म्हणजे दोन्ही ऋतूंची माणसं त्याच्या घराण्यात आहेत.

त्याच्या शरीराची एक गंमत. त्याला पोटच नाही. अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली असते, त्यामुळे सकाळी एकदम मूठभर दाणे टाकून ऑफिसला जाणं त्याला मानवत नाही. थोडं थोडं, दोन-तीनदा. दात जबड्यात नसतात, घशात असतात, दाणे तिथे रगडले जातात.

तक्रार एकच, काटे. वाय आकाराचे बारीक काटे मांसात विखुरलेले. पण ज्या शहरात सावजी रस्सा नाकातोंडातून पाणी काढतो तिथे काट्यांची कुरकूर कोण ऐकून घेणार?

शहरातल्या मत्स्यबीजवाल्याकडे उन्हाळी टाकीसाठी पंगस मासा मागून बघा, चांगला असेल तर तोच परावृत्त करतो: “भाऊ, हे थंडीत मरून जातीन. सायप्रिनस न्या.” असा विकणारा भेटला तर त्याचा फोन नंबर जपून ठेवावा.

रोहूचं लग्न टाकीत लागत नाही

रोहू, कटला, मृगळ ही आपली घरची तिकडी. चवीला रोहूला तोड नाही, पण ही मंडळी वाहत्या पुराच्या पाण्याशिवाय अंडी घालत नाहीत. त्यामुळे १९५०च्या दशकापर्यंत देशभरातलं मत्स्यबीज नद्यांतून, मुख्यतः बंगालच्या नद्यांतून, जाळ्यानं गाळून मिळवायचे. कोलकात्याहून ते मातीच्या मडक्यांत भरून आगगाडीनं निघायचं आणि सोबतचा माणूस रात्रभर हातानं पाणी ढवळत, झोडपत बसायचा. तोच त्या काळचा एअर पंप.

मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून साठवलेल्या पाण्यातच कार्पला अंडी घालायला लावली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे तो यामुळे. चाळीस वर्षांनी भुवनेश्वरच्या ‘सिफा’ संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं निवड पद्धतीनं सुधारलेला रोहू दिला, तो नेमका १९९७मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात. म्हणून नाव ‘जयंती रोहू’.

घरच्या टाकीत रोहू चालतो, पण लाजतो. टाकी हजार लिटरची तरी हवी, वर झाकण हवं आणि वाढीबाबत सबुरी हवी. चौदा अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. तळ्यात वर्षभरात पाऊण-एक किलोचा होणारा मासा टाकीत निम्म्यावरच रेंगाळला तर नवल नको.

सगळ्यात स्वस्त मासा महापालिकेच्या खात्यातला

नागपुरात डेंग्यूच्या अळ्या सापडण्याचं हमखास ठिकाण म्हणजे कूलरची टाकी. त्यावरचा सरकारी शिपाई म्हणजे गप्पी मासा. राज्यभर आरोग्य खात्याची गप्पी पैदास केंद्रं आहेत आणि महापालिकेचे कर्मचारी साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात. त्रिनिदादमध्ये या माशाचे नमुने गोळा करणाऱ्या रॉबर्ट लेचमेर गप्पी या गृहस्थाचं हे आडनाव. आज ते विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या आशाताईंच्या तोंडी आहे, बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. त्यामुळे दहा सोडले की दोन-तीन महिन्यांत किती झाले ते मोजायच्या भानगडीत पडू नये. नव्या टाकीला चालना द्यायला असा मासा उत्तम. नुकसान झालं तर खिशाला झळ नाही, डासांच्या अळ्या फस्त होतात आणि कोथिंबिरीच्या एका ट्रेपुरतं खत सहज मिळतं. मोठ्या पालेभाजीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. गप्पीही परदेशीच, तेव्हा कंटाळा आला म्हणून फुटाळा तलावात नेऊन सोडायचा नाही.

लोडशेडिंगवाले मासे

वीज गेली की पंप बंद, पंप बंद की प्राणवायू बंद. भरलेल्या टाकीत उन्हाळ्याच्या रात्री तासा-दोन तासांत खेळ संपू शकतो. पण काही मासे हवेतूनही श्वास घेतात. मरळ, देशी मांगूर, शिंगी, कोई हे सगळे पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतात. मरळ तर ओल्या गोणपाटात गुंडाळून बाजारात जिवंत आणतात. शेजारच्या तेलंगणानं त्याला राज्यमासा केला आहे. आपला महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट, २०२३मध्ये घोषित झाला आणि तेव्हा मत्स्यव्यवसाय मंत्री होते चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार. समुद्राचा मान समुद्र न पाहणाऱ्या जिल्ह्याच्या हातून! पापलेट खाऱ्या पाण्याचा, त्यामुळे गच्चीवरच्या यादीतून तो आपोआप बाद.

मरळ मात्र मनात भरतो. भाव चांगला, काटे कमी, चव मजबूत. अडचण अशी की तो उडी मारतो आणि भावंडं खातो. एकाच आकाराची पिल्लं ठेवली नाहीत तर आठवड्याभरात टाकीत कमी पण जाडजूड मासे उरतात. शिवाय तो शिकारी, त्याला कोरडे दाणे खायची सवय हॅचरीतच लावलेली असावी लागते. विकत घेताना पहिला प्रश्न तोच विचारायचा: दाण्यावर आहे का?

मांगूर घेताना सावध. देशी मांगूर वेगळा आणि आफ्रिकन, म्हणजे बाजारातला ‘थाई मांगूर’, वेगळा. त्या परदेशीवर २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही ती कडक करायला लावली. राज्यात नंतर कितीतरी ठिकाणी अधिकाऱ्यांनी तळी रिकामी करून मासे जेसीबीनं खड्ड्यात पुरले. लहानपणी दोघे सारखेच दिसतात, तेव्हा स्वस्तात मिळतोय म्हणून अनोळखी माणसाकडून मांगूर उचलू नये.

पंगस व्हिएतनामच्या मेकाँग नदीचा. हवा घेतो, झपाट्यानं वाढतो, पण थंडीत गार पडतो आणि माणूस जवळ आला की घाबरून टाकीच्या भिंतीवर नाक आपटतो. नागपुरात तो जूनमध्ये सोडून दिवाळीआधी ताटात घ्यायचा मासा आहे.

यांना आत घेऊ नका

गवत्या कार्प: पाहुणा म्हणून बोलवाल आणि भाजीची मुळं साफ करून बसेल.

रूपचंद: हा दक्षिण अमेरिकेतला पाकू, पिरान्हाचा चुलतभाऊ. दात माणसाच्या दाढांसारखे, त्यानं तो जंगलातली कठीण फळं फोडून खातो. बाजारात तो कधीकधी पापलेटच्या नावावर खपतो. घरच्या टाकीत त्याच्या दातांची ओळख कशाला करून घ्यायची?

‘टँक क्लीनर’ सकर फिश: रंगीत माशांच्या दुकानात बोटभर मिळतो, फूटभर होतो, मग कुणीतरी त्याला तलावात सोडतो. देशातल्या कित्येक नद्या-तलावांत त्यानं आता संसार थाटलाय.

आणि अ‍ॅलिगेटर गार. मगरीसारख्या थोबाडाचा हा अमेरिकन मासा २०२३मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि काश्मीरच्या दल सरोवरात सापडला. शौकिनांनी सोडलेला, दुसरं काय. आता गंमत ऐका. त्याच गार कुळातल्या माशाचे जीवाश्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लामेटा खडकांत सापडलेत, डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि तिथल्याच एका माशाला ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ असं नाव दिलं. हे हिस्लोप म्हणजे ज्यांच्या नावानं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे ते. मिशनरी, शाळामास्तर आणि फावल्या वेळात टाकळीच्या दगडांतून जीवाश्म वेचणारे.

म्हणजे गार विदर्भात होताच. तरीही टाकीत नको.

बीज कुठून, आणि कसं पारखायचं

नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, २००० साली स्थापन झालेलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, फुटाळ्याच्या शेजारी. मत्स्य विज्ञान महाविद्यालयही इथेच. शंका घेऊन गेलात तर पाण्याच्या परीक्षेपासून खाद्यापर्यंत बोलणारी माणसं शहरातच आहेत. सरकारी बाजूनं जिल्ह्याचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय. कुठल्या केंद्रावर कधी बीज मिळेल हे तिथे कळतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, जी २०२०मध्ये सुरू झाली, परसातल्या रंगीत मत्स्यसंवर्धनालाही मदत असते: सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के.

कार्पचं बीज पावसाळ्यातलं पीक. आकारानुसार त्याची नावं बदलतात: आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली. घरच्या टाकीसाठी बोटुकलीच घ्या. जिरे स्वस्त पडतात, पण त्यातले बरेच जण पहिल्या पंधरवड्यातच रामराम करतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोटुकली टाकीत पडली की थंडीपूर्वी तिला अंग धरायला दोन-अडीच महिने मिळतात. मार्चमध्ये आणली तर अंग धरण्याआधीच एप्रिल-मे दारात.

भोईपुरा किंवा मंगळवारीच्या मासळी बाजारातला रोहू बघून मोह होतो, पण तो बहुतेक आंध्रातून बर्फात आलेला असतो. जिवंत मिळणारे मरळ-मांगूरही टबात घासलेले, दमलेले. ते ताटात शोभतात, टाकीत नाहीत.

पारख करायची सोपी रीत आहे. विकणाऱ्याला गोल टबमध्ये शंभरेक बोटुकली काढायला सांगा आणि हातानं पाणी एका दिशेनं गोल फिरवा. तंदुरुस्त पिल्लं प्रवाहाच्या उलट पोहत कडेला टिकतात. अशक्त असतात ती भोवऱ्याबरोबर मधोमध गोळा होतात. मग दोन-चार तळहातावर घेऊन कल्ले बघा, लाल असावेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, झडलेली शेपटी, कापसासारखा बुरा दिसला तर कितीही घासाघीस झालेली असो, हात धुऊन परत या.

पिशवीचंही शास्त्र आहे. आदल्या दिवसापासून पिल्लांना उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात घाण कमी होते. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू, तोंड पिळून दोन रबरबँड. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगती ठेवायची. लांबच्या प्रवासाची पिशवी उघडून मात्र रेंगाळायचं नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी राहतो. तोंड उघडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. ‘प्रवासात ठीक होते, घरी आल्यावर मेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

नवी मंडळी दोन आठवडे वेगळ्या टबात. मिठाचं पाणी द्यायचं तर तिथेच. मीठ किंवा औषध मुख्य टाकीत गेलं की माशाआधी पालक माना टाकतो, आणि प्रतिजैविकं असतील तर काम करणारे जिवाणूही.

वीस माशांचं गणित

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१४मध्ये लहान ॲक्वापोनिक्सवर एक जाडजूड पुस्तिका काढली. तिचा सल्ला असा की हजार लिटर पाण्यात जास्तीत जास्त वीस किलो मासा. नागपूरचा मे धरून मी त्याचं निम्मं करेन. अर्ध्या किलोचे वीस सायप्रिनस म्हणजे दहा किलो. वजनाच्या दीड टक्का खाद्य म्हणजे रोज दीडशे ग्रॅम. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्याइतकं खत पुरतं. म्हणजे तीन चौरस मीटर वाफा, पालक-मेथी-कोथिंबीर घरची. टोमॅटो-वांगी लावली तर वाफा लहान करा, त्यांची भूक मोठी.

वाफ्यातली गिट्टी काळ्या दगडाची. नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या काठावर वसलंय, सीताबर्डीची टेकडी त्याच बेसॉल्टची, त्यामुळे गिट्टीला तोटा नाही. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा. फेस आला की चुनखडी, ती पीएच चढवते, नको. हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीतून भंगारात येणाऱ्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या टाक्या स्वस्त पडतात, पण आधी आत काय भरलेलं होतं ते लेबलवर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते एक दिवस उघडं ठेवून मगच माशांना. आणि टाकी चालू केल्यावर तीन ते सहा आठवडे जिवाणूंना द्या. त्याआधी (चालना द्यायचे चार गप्पी सोडले तर) मासे सोडायची घाई फार महाग पडते.

जिवाणू आणि मुळं मिळून पाणी साफ करतात, हे काही परदेशी गुपित नाही. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं ‘फायटोरिड’ नावाचं तंत्र काढलंय, त्यात सांडपाणी गिट्टी आणि दलदलीतल्या वनस्पतींमधून फिरवून शुद्ध करतात. आपल्या वाफ्याचा थोरला भाऊच म्हणा. आणि भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधले, त्यात धान, मासा आणि पाणवनस्पती एकमेकांवरच जगत आल्या. तिथे ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था ढिवर बायांना बरोबर घेऊन तलावातलं ‘बेशरम’ नावाचं झुडूप उपटते, देशी पाणवनस्पती लावते, आणि त्यानं देशी मासे परत येतात. कुठल्या वनस्पतीजवळ कुठला मासा रमतो हे त्या बायांना तोंडपाठ असतं. ॲक्वापोनिक्सवाल्यांनी एक दिवस तिकडे घालवावा.

माशाला काय आवडतं? राजाला विचारा

ढिवर बायांसारखी माशांची आवडनिवड एका राजानंही टिपून ठेवली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कुठल्या माशाला कुठलं खाद्य घालून गळाजवळ आणायचं याची त्यात तपशीलवार नोंद. राज्यकारभारातून इतका वेळ कसा मिळायचा कोण जाणे.

शाकाहारी घराचा मासा

नागपुरात कितीतरी गच्च्या अशा आहेत जिथे भाजी चालेल, मासा ताटात चालणार नाही. त्यांच्यासाठी गोल्डफिश आणि जपानी कोई (वरची हवेचा घोट घेणारी कोई वेगळी). गोल्डफिश चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी साध्या राखाडी कार्पपासून निवडून निघाला. त्याची स्मृती तीन सेकंदांची, ही निव्वळ थाप आहे, तो महिनोन्महिने गोष्टी लक्षात ठेवतो आणि खाणं देणाऱ्याला ओळखतो. जपानी कोई म्हणजे रंगीत कपड्यातला सायप्रिनसच, त्यामुळे थंडी-ऊन दोन्हीचा जुना अनुभव. जपानमधली ‘हानाको’ नावाची कोई १९७७मध्ये मेली तेव्हा ती २२६ वर्षांची होती असा दावा आहे. खरं-खोटं काही असो, कोई घेताना नातवंडांचाही विचार करून ठेवावा.

आणि खाणाऱ्यांसाठी एक शेवटची युक्ती

टाकीतल्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, काही जिवाणू ते तयार करतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर नागपूरभर जो मृद्गंध दरवळतो, त्यातही तेच. हवेत हवाहवासा, रश्श्यात नकोसा. मासा काढण्याआधी चार-पाच दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या टबात उपाशी ठेवला की बराचसा वास जातो. उरलेल्याचा बंदोबस्त आंबटपणा करतो, आम्लात जिओस्मिन मोडतं. तेव्हा सावजी मसाला वाटायच्या आधी तुकड्यांना लिंबू नाहीतर चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवून द्या.